हात न लागलेली गाडी

ज्या गाडीला मिस्त्रीचा हात लागलेला नाही ती चांगली, असं मी पन्नाशी उलटेपर्यंत मानत आलो. हे मत मी कुठे वाचलं नव्हतं, कुणाशी वाद घालून कमावलंही नव्हतं. लहानपणी घरात होतं, तिथून माझ्यात आलं आणि कोल्हापुराहून मिशिगनला येताना माझ्याबरोबर आलं. इथं मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी धरली, रोज गाड्यांच्याच आयुष्याचा हिशोब करत बसलो, तरी ते जागचं हललं नाही. मग एक जुनी मोटरहोम विकत घ्यायला निघालो आणि तिथं ते हललं. ते कसं, हे मला नीट लिहून काढायचं आहे.

आमच्या घरी आलेली पहिली स्कूटर जुनी होती. नवी बजाज नोंदवली की वर्षानुवर्षं नंबर लागायचा नाही, तो काळ. बाबा बँकेत कारकून होते. गाड्या बघायला ते मला बरोबर न्यायचे. टायर बघायचे, सायलेन्सरमागे रुमाल धरून धूर बघायचे आणि मग ठरलेले दोन प्रश्न विचारायचे. "एकहाती आहे ना?" आणि "इंजिन खोललंय का?" समोरचा म्हणाला, "डॉक्टरांची गाडी आहे साहेब, इंजिनाला हात लागलेला नाही," की बाबांचा चेहरा खुलायचा आणि ते भाव करायला बसायचे.

त्या प्रश्नांमागे अनुभव होता, हे मी आजही मान्य करतो. बाजारात डुप्लिकेट पार्ट सर्रास मिळायचे. रिंग-पिस्टन बदलल्याचे पैसे घेऊन जुनेच पुसून बसवल्याच्या कहाण्या प्रत्येक घरात होत्या. मीटर मागे फिरवला जायचा. अशा वेळी खोललेलं इंजिन म्हणजे आत काय भरलंय त्याचा पत्ता नसलेलं इंजिन. बाबांना दुसरी काही परीक्षा उपलब्धच नव्हती.

पण त्यात आणखी काही मिसळलेलं होतं, आणि ते कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. आम्ही उद्यमनगरच्या जवळ राहायचो. ज्यांना ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, तिथं छोट्या छोट्या शेडमध्ये लेथ टाकून बसलेली अशी माणसं होती की मोडका गिअर समोर ठेवला की तसाच दुसरा घडवून देत. त्यांच्या दारावरून मी शाळेत जायचो. इंजिनिअर व्हायचं मी ठरवलं ते त्यांच्याकडे बघून नव्हे. त्यांच्यासारखं व्हायचं नाही म्हणून. हे लिहिताना लाज वाटते, पण ते तसंच आहे. ग्रीसने काळे झालेले हात म्हणजे शिक्षण राहून गेलेला माणूस, असं आमच्या गल्लीत कुणी तोंडाने म्हणत नसे, पण मानत सगळेच होते. तसल्या हातांनी खोललेली वस्तू किमतीतून उतरते, या समजुतीला डुप्लिकेट पार्टांइतकंच हेही कारण होतं.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्यात तेच मला जास्त बोचतं. मी रबराच्या टिकाऊपणाच्या चाचण्या घेतो. होज, सील, गॅस्केट. भट्टीत किती तापमानाला किती तास ठेवलं की रबर टणक होतं, इंधनात बुडवून ठेवलं की किती फुगतं, सुकवलं की किती आकसतं, वाकवलं की कुठे तडा जातो. रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं, हे सिद्ध करायचा मला पगार मिळतो.

मोटरहोम म्हणजे चालतं घर. पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणी, सगळं एका गाडीत. अमेरिकेत बहुतेक कारखाने ट्रकची तयार चासी विकत आणतात आणि तिच्यावर घराचा खोका उभा करतात. जुन्या गाड्यांत तो लाकडी सांगाड्याचा असे. मला हवी होती ती जीएमसीची. जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ एवढीच वर्षं ती बनवली, चासीपासून छपरापर्यंत स्वतः, आणि तीही आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या पॉन्टियॅक गावात. ओल्ड्समोबिल टोरोनॅडो नावाच्या मोटारीचं इंजिन आणि गिअरबॉक्स उचलून पुढे बसवला, ओढ पुढच्या चाकांना दिली. त्यामुळे मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट नाही, आणि घराची जमीन रस्त्याला टेकल्यासारखी खाली आली. मागे दोन्ही बाजूंना एकामागे एक अशी दोन दोन चाकं आणि त्यांच्यामध्ये हवेची रबरी पिशवी. सुरुवातीच्या वर्षांत इंजिन ४५५ घनइंचांचं, म्हणजे साडेसात लिटरच्या आसपास. गाडी बाजारात आली त्याच वर्षी तेलटंचाई आली. एकूण १३ हजारांच्या आसपास गाड्या निघाल्या. त्यातल्या किती तरी आजही रस्त्यावर आहेत, आणि मला ती बांधणी पहिल्यांदा कळली तेव्हापासून त्या गाडीचं वेड लागलं होतं.

जुनी मोटरहोम तपासणं अवघड असतं, कारण तिच्यात दोन वस्तू म्हाताऱ्या होत असतात, एक घर आणि एक गाडी. घर पाण्याने मरतं. छपरावरच्या सांध्यातून, खिडकीच्या कडेतून, एसीच्या गॅस्केटमधून थेंब थेंब ओल उतरते आणि भिंतीच्या आतलं लाकूड कुजतं. वरचा पत्रा मात्र छान दिसत राहतो. म्हणून दार उघडल्या उघडल्या आधी नाकाने तपासायचं. मग कोपरे अंगठ्याने दाबायचे, कपाटांच्या आतल्या वरच्या कडा बघायच्या, तिथं कुणी रंग देत नाही. जीएमसीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असल्याने ती या आजारातून बरीचशी सुटते, पण तिची जमीन प्लायवूडची आहे आणि ती कुजू शकते. खालची चासी लोखंडी. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते चासी खातं. म्हणून इथले लोक ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्यातली गाडी मिळाली तर दोन दिवस प्रवास करून आणायला जातात.

पहिली गाडी मी पाहिली ती ग्रँड रॅपिड्सच्या बाजूला. १९७६ ची, २६ फुटी. मूळ मालक वारलेले, मुलगा विकत होता. गरम ठेवलेल्या शेडमध्ये ती उभी होती. मीटरवर ३१ हजार मैल. आतलं नारिंगी-तपकिरी कापड तसंच, गालिचा तसाच, शेगडीवर बहुधा कधी चहासुद्धा झाला नसावा. कागदपत्रांची पिशवी, मूळ पुस्तिका, कारखान्याचं पत्रक. मुलगा अभिमानाने म्हणाला, "यातला एकही भाग बदललेला नाही. सगळं कारखान्यातून आलं तसं आहे."

कोल्हापुरातली 'डॉक्टरांची गाडी' माझ्यासमोर उभी होती.

मी आळशीपणा केला नाही. ओल मोजायचं यंत्र घेऊन गेलो होतो, प्रत्येक कोपऱ्याला लावलं. चासीखाली चटई टाकून आडवा झालो. मीठ तिने कधी पाहिलंच नव्हतं. इंजिन आधी गरम करून ठेवू नका असं फोनवर बजावलं होतं, कारण गरम इंजिन आपले दोष लपवतं. इंजिनावर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री केली आणि मगच चावी फिरवायला सांगितली. लगेच लागलं. टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा, क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. फ्रिज गॅसवर लावून ठेवला. या जातीच्या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो, ज्योतीच्या उष्णतेवर अमोनिया फिरतो, थंड व्हायला तास न् तास लागतात, आणि मागे अमोनियाचा वास आला तर तो संपला समजायचं. वास नव्हता. शेवटी टायर. नक्षी भरगच्च. पण टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, ते वाचले तेव्हा कळलं की टायर पंधरा वर्षांपेक्षा जुने आहेत. ही एवढीच गोष्ट बदललेली होती आणि मुलाला ते ठाऊकही नव्हतं. मी वहीत लिहिलं, 'सहा टायर, भावातून वजा.' आणि खूश होऊन घरी आलो.

तिथं मी टायरखाली वाकलो होतो आणि रबराचं वय मोजत होतो. त्याच गाडीत टायरखेरीज आणखी किती रबर होतं, आणि त्याचं वय किती, हा विचार माझ्या डोक्याला शिवला नाही. टायरवर वर्ष छापलेलं असतं म्हणून मी वाचलं. जिथं छापलेलं नव्हतं तिथं 'ओरिजिनल' हा शब्द ऐकून मी समाधानी झालो. माझ्या हाताखालच्या एखाद्या मुलाने असा अहवाल आणला असता तर मी तो परत पाठवला असता.

दुसरी गाडी बघायला गेलो ती निव्वळ तुलनेसाठी, भाव पाडायला एक आकडा हाताशी असावा म्हणून. ट्रॅव्हर्स सिटीच्या पुढे चेरीच्या बागांचा मुलूख आहे, तिथं सत्तरी ओलांडलेल्या एक बाई राहत होत्या. दर वर्षी बर्फ पडायच्या आत त्या ही गाडी घेऊन ॲरिझोनाला जायच्या आणि वसंतात परतायच्या. आधी नवऱ्याबरोबर, तो गेल्यावर एकट्या. म्हणून मिशिगनची असूनही तिची चासी शाबूत होती. मीटरवर किती मैल आहेत हे त्यांनी सांगितलंच नाही. "पाच आकडे आहेत, एक लाखानंतर पुन्हा शून्य. माझ्या आठवणीत दोनदा शून्य झालंय." मला एकदम आठवलं, पहिल्या गाडीलाही पाचच आकडे होते. इतक्या जुन्या गाडीच्या टायटलवर मैलांची हमी द्यावीच लागत नाही, हे मी वाचलेलं होतं. तरी त्या ३१ हजारांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला होता, कारण मला तो ठेवायचा होता.

गाडी बघून मन खट्टू झालं. पडदे घरी शिवलेले, शेगडी दुसऱ्याच कुठल्या गाडीतली. दारांच्या मुठी एकमेकींशी जुळत नव्हत्या. चाकंसुद्धा मूळची नाहीत. साडेसोळा इंची टायर मिळेनासे झाले म्हणून सोळा इंची चाकं बसवलेली. सगळीकडे हात लागलेला. मी मनातल्या मनात एकेक पैसा कापत चाललो होतो.

पुढच्या सीटांजवळ जमिनीत एक झाकण असतं, ते उचललं की इंजिन दिसतं. म्हणजे इंजिन घराच्या आत, पायाशीच. बाईंनी झाकण उचललं, टॉर्च माझ्या हातात दिला आणि बाजूला झाल्या. मी वाकून पाहिलं. प्रत्येक होजला तारेने बांधलेली एक लहान ॲल्युमिनियमची पट्टी होती, आणि पट्टीवर खिळ्याने कोरलेलं महिना आणि वर्ष. पाण्याच्या होजवर, पेट्रोलच्या, व्हॅक्यूमच्या नळ्यांवरसुद्धा. ब्रेकच्या होजवर होती, मागच्या हवेच्या पिशव्यांवर होती, ती नंतर खाली आडवा झाल्यावर दिसली.

आमच्या प्रयोगशाळेत भट्टीत जाणाऱ्या प्रत्येक तुकड्याला अशीच पट्टी असते. पट्टी नसलेला तुकडा आम्ही फेकून देतो. त्याचं वय माहीत नसेल तर त्याच्याबद्दल काहीही बोलता येत नाही, हा तिथला पहिला नियम.

मी विचारलं, "हे सगळं कुणी केलं?" नवऱ्याचं नाव ऐकायच्या तयारीने विचारलं, हेही लिहून टाकतो. त्या म्हणाल्या, "पेट्रोलच्या टाक्या उतरवायला एका गॅरेजची लिफ्ट लागली. बाकीचं मी." मग त्यांनी खणातून एक फुगलेली वही काढली. "काय हवंय तुम्हाला? काय काय बदललं ते वाचू, की काय काय बदललं नाही ते? दुसरी यादी लहान आहे आणि तुमच्या जास्त कामाची आहे."

दुसऱ्या यादीत तीन गोष्टी होत्या. पुढच्या काचेचं रबर. डाव्या बाजूच्या मागच्या चाकांच्या दांड्यांच्या पिना. आणि गिअरबॉक्स. "हा कधीच उघडलेला नाही," त्या म्हणाल्या.

मला आनंद झाला. खरोखर झाला, छातीत कळावा असा. इतक्या ठिगळांमध्ये एक तरी वस्तू अस्सल निघाली! मी म्हणालोही, "वा, म्हणजे ओरिजिनल!"

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "हो. म्हणूनच त्याच्याबद्दल मला काही सांगता येत नाही."

त्या वाक्याशी मी अडलो तो आजवर पुरता सुटलेलो नाही. त्या काही शिकवत नव्हत्या. एक उणीव सांगत होत्या, भावात त्यांचंच नुकसान करणारी. मी जिच्यावर खूश होत होतो तीच गोष्ट त्या दिलगिरीच्या सुरात सांगत होत्या. आम्ही दोघं एकाच गिअरबॉक्सबद्दल बोलत होतो. त्यांच्या लेखी हात लागला ती वस्तू माहितीतली झाली. कधी, काय, कुठल्या मापाचं, सगळं वहीत. माझ्या लेखी हात लागला की ती वस्तू डागाळली. आणि या दोन मतांपैकी माझ्या शिक्षणाशी, माझ्या रोजच्या कामाशी जुळणारं मत त्यांचं होतं.

मी बराच वेळ ती वही चाळत बसलो. त्यांनी कॉफी आणून दिली. एका पानावर होतं की पेट्रोलच्या टाक्यांवरची होज पहिल्यांदा बदलली तेव्हा जुनी हातात घेताच मोडली. दुसऱ्या एका पानावर, रस्त्यात ब्रेक धरून राहिला, चाक तापलं, होज बाहेरून उत्तम दिसत होती, आतून फुगून बंद झाली होती. हे मला अपरिचित नव्हतं. फुगलेल्या ब्रेक होजमधून पायाच्या जोराने तेल पुढे जातं पण परत येत नाही, हे मी नव्या मुलांना चित्र काढून शिकवतो. पेट्रोलचंही तसंच. इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, आणि सत्तरच्या दशकातलं रबर त्यासाठी बनवलेलंच नव्हतं. भारतातही आता २० टक्क्यांचं पेट्रोल आल्यावर जुन्या गाड्यांचे मालक हाच प्रश्न विचारत आहेत. जीएमसीच्या दोन्ही टाक्यांच्या वरून जाणाऱ्या होज टाक्या उतरवल्याशिवाय दिसतसुद्धा नाहीत.

पहिल्या गाडीच्या खाली मी चटई टाकून झोपलो होतो. त्या टाक्यांच्या थेट खाली.

घरी आल्यावर मी पहिल्या गाडीच्या मालकाला फोन केला. पेट्रोलच्या होज कधी बदलल्या होत्या, एवढंच विचारलं. तो मागच्याच अभिमानाने म्हणाला, "कधीच नाही. मी सांगितलं ना, सगळं मूळचं आहे." त्याने मला एकदाही फसवलं नव्हतं. आधीही हेच सांगितलं होतं, आताही हेच. आधी हे वाक्य मला भावलं होतं, आता ऐकताना तळहाताला घाम आला. जवळजवळ पन्नास वर्षांची पेट्रोलची नळी, तिच्यातून गळलेलं पेट्रोल, तापलेला एक्झॉस्ट, त्यावर फायबर ग्लासचं घर, मागच्या पलंगावर आमची मुलगी. हे चित्र माझ्या डोक्यात आधी का आलं नाही? माहिती होती. मोजायची साधनं होती. त्या पिशवीतल्या कागदांत एकही दुरुस्तीचं बिल नाही हे मी पाहिलंही होतं, आणि ते बरं लक्षण मानलं होतं. रोगी कधी डॉक्टरकडे गेलाच नाही म्हणून तो निरोगी, असं म्हणण्यासारखं ते होतं.

मी त्याला सगळं सांगितलं. गाडी रस्त्यावर काढायच्या आधी कुठल्या नळ्या बदलाव्या लागतील, त्याची यादी पाठवली. तो थोडा दुखावला. त्याच्या वडिलांनी जपलेली वस्तू होती ती. जपणं आणि तसंच ठेवणं यात त्यांनीही फरक केला नव्हता, आणि मी कोणत्या तोंडाने त्यांना नावं ठेवणार?

हे वाचून कुणी प्रत्येक ठिगळाला मुजरा करायला निघेल, म्हणून सांगतो की वाईट हातही भरपूर असतात. नंतर मी आणखी गाड्या पाहिल्या. छपराची गळती थांबवायला सिलिकॉनचा लपका मारलेला, खालची ओल तशीच कोंडलेली. घरगुती वायर पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. गॅसच्या नळीचा सांधा साबणाचं पाणी लावताच फेसाळलेला. माझे बाबा ज्याला घाबरायचे ते हे. पण त्यांना आणि मला वाईट हातांची इतकी धास्ती होती की चांगला हात ओळखायला आम्ही शिकलोच नाही. बाईंच्या गाडीत प्रत्येक वायरवर ती कुठे जाते ते लिहिलेलं होतं. टाक्यांपाशी त्यांनी विजेचा पंप बसवला होता, उन्हात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडू नये म्हणून. तो नको असेल तर कसा काढायचा तेही वहीत होतं. आपल्यामागून कुणीतरी येणार आहे हे धरून केलेलं काम पाहिलं की कळतं, फक्त ते पाहायची तयारी लागते. उद्यमनगरमध्येही असं काम रोज होत असणार. एक मिस्त्री मला आठवतात, काम झाल्यावर जुना काढलेला पार्ट कागदात बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. बाबा तो पुडा घरी आणून फेकून देत. मी त्या माणसाशी कधी बोललो नाही. माझ्या आयुष्यातले पहिले प्रामाणिक अहवाल त्या पुड्यांत होते, असं आता वाटतं, आणि ते मी न वाचताच कचऱ्यात जाऊ दिले.

बाईंची गाडी मी घेतली. पहिल्या गाडीपेक्षा तिचा भाव बराच कमी होता. बाजारालाही हात न लागलेलीच आवडते. त्यांनी वही दिली आणि कोऱ्या पट्ट्यांची एक थैलीही दिली. पिना आणि काचेचं रबर मी पहिल्याच उन्हाळ्यात बदललं. गिअरबॉक्सपाशी मात्र थांबलो. तो चांगला चालत होता. या गाडीत इंजिनाची ताकद एका रुंद साखळीने बाजूच्या गिअरबॉक्सला पोचते, आणि त्या जोडणीची कीर्ती दणकट म्हणूनच आहे. न उघडायला कारणं भरपूर होती. मी ती कारणं स्वतःला सांगतोय हे माझ्या लक्षात आलं तेव्हा उघडायचं ठरवलं.

बाबा आता नव्वदीकडे आलेत. कोल्हापूरलाच असतात. व्हिडिओवर त्यांना गाडी दाखवली होती, नारिंगी कापड नसलेली, न जुळणाऱ्या मुठींची. गिअरबॉक्स उतरवतोय म्हटल्यावर ते अस्वस्थ झाले. "अरे, चालतोय ना तो? मग कशाला हात लावतोस?"

उतरवला. एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली मी ते काम केलं, बराचसा वेळ टॉर्च धरून. साखळीचं ताणलेपण मोजलं, मर्यादेत निघालं. क्लचच्या प्लेटा ठीक होत्या. रबरी सील मात्र वाळून कडक झाले होते, वाकवला तर एक तुटला. नवे बसवले, बंद केलं.

रात्री बाबांचा फोन. "काय निघालं आत?"

"फार काही नाही. सील गेले होते."

"म्हणजे आणखी चालला असता."

"चालला असता कदाचित."

"मग पैसे वाया गेले की रे."

नाही म्हणालो, का नाही ते सांगायला लागलो. त्यांना पटलं नाही. अजूनही दर रविवारी कुठून तरी विषय निघतो आणि आम्ही दोघं पुन्हा त्याच गिअरबॉक्सवर भांडतो. परवा मात्र मध्येच थांबून त्यांनी विचारलं, त्या मिस्त्रीला किती दिलेस, आणि सांगितल्यावर म्हणाले, थोडे जास्त द्यायचेस.